श्रीहरीबद्दल मी जे सांगितलं

९ जानेवारी २००७, मंगळवार

आज तिसरा गेला. सांगूनही गेला नाही. सकाळी त्याचा भाऊ डब्याची पिशवी न्यायला आला तेव्हा कळलं की तो सिमेंटच्या नव्या कामावर लागला. महिनाभरात तीन वेल्डर. घुग्घुसमध्ये सध्या ज्याला होल्डर धरता येतो तो नुसता चहाच्या टपरीवर उभा राहिला तरी त्याला कामावर न्यायला माणूस येतो. इकडे कारखाना वाढवून राहिले, तिकडे खाणीत ठेकेदारांच्या मोठाल्या मशिनी उतरल्या, पलीकडे विजेचं नवं काम. सगळ्यांना लोखंड जोडणारे पाहिजेत आणि तयार पाहिजेत. तयार कोणी करायचे? माझ्या शेडमध्ये माणूस येतो तेव्हा त्याला रॉड पेटवता येत नाही. दोन वर्षांनी वेल्डिंगचा टाका सरळ पडू लागला की तो जातो.

आता उरले दोघे. एक पत्रूभाऊ. ते गॅस कटिंग करतात. साठीला आले म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. आणि दुसरा श्रीहरी.

श्रीहरीची मला काळजी नाही. तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला. बाप वारल्यावर नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. तेव्हा त्याला मराठी धड येत नव्हती. मराठी आणि वेल्डिंग दोन्ही माझ्या शेडमध्येच शिकला. टिपरचा मागचा डाला असो, मशीनची बकेट असो, डोक्यावर हात करून मारायचा टाका असो, त्याचं काम माशाच्या खवल्यासारखं एकसारखं. खाणीचे ड्रायव्हर आले की माझं नाव घेत नाहीत, श्रीहरी आहे का विचारतात. पण मला तो उस्ताद म्हणतो. तो जाणार नाही. त्याला न्यायला कोणी आलेलंही मी आजवर पाहिलं नाही.

१७ जानेवारी, बुधवार

शेडमध्ये मोठा कूलर आणून ठेवला. थंडीत कूलर पाहून पत्रूभाऊ हसले. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत माणसं टिकली पाहिजेत ना. दोघांना नवे बूट दिले. श्रीहरीला ते आपोआप काळं होणारं हेल्मेट मागवलं. चहा दोनदाचा तीनदा केला.

भद्रावतीहून एक वेल्डर आला होता. सकाळी दोन तास काम केलं, जेवायला म्हणून गेला आणि परत आला नाही.

जेवताना बायकोला, नाहीदला, हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बूट-कूलरने कोण थांबते? शेडच्या वरच्या दोन खोल्या श्रीहरीला द्या, त्याची आई येऊन राहील. आणि त्याला धंद्यात थोडी पाती द्या. मी हसलो. खोल्या आमच्या मुलासाठी, ताबिशसाठी आहेत. ताबिशचं नागपूरला इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, तो येईल तेव्हा त्याचं ऑफिस तिथेच होईल. आणि कारागीर तो कारागीर, त्याला मालक केलं तर हाताखाली कोण राहील? नाहीद ताटं उचलून आत गेली.

ती उर्दू शाळेत शिकली, हे लिहिलेलं तिला वाचता येत नाही. मी मूल गावच्या मराठी शाळेत होतो. घरी बोली आमची, पण लिहायला बसलो की मराठीच येते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

नमाजाहून आलो तर श्रीहरी काम थांबवून माझी वाट पाहत होता. हात धुतलेले. म्हणाला, "उस्ताद, एक विचारायचं होतं." विजेच्या नव्या कामावर त्याला बोलावलं आहे. पाइपच्या वेल्डिंगवर मुख्य म्हणून. टेस्ट देऊन आला, पासही झाला. टेस्ट कधी दिली, मला पत्ताच नाही.

त्याने सगळं नीट सांगितलं. कंपनी राहायला क्वार्टर देते. त्याचं लग्न ठरलं आहे, शेजारच्या गावची शेफाली नावाची मुलगी आहे, वैशाखात करायचं म्हणतात. मुलीच्या बापाची एकच अट, राहायला धड घर पाहिजे. आईलाही आणता येईल. सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे येऊन अवघड कामं करून देईल, नवीन माणसाला शिकवेल.

मग म्हणाला, "पण तुम्ही नको म्हटलं तर नाई जात. मनात नका ठेवू, तोंडावर सांगा."

मी म्हटलं, "मी काऊन नको म्हणू? तुझ्या भल्याचं हाये. जा."

तो वाकून पाया पडला. आमच्यात तसं करत नाहीत हे त्याला नऊ वर्षांत शंभरदा सांगितलं असेल.

संध्याकाळी एका टिपरवाल्याने पुढच्या महिन्याचं काम विचारलं. मी हो म्हटलं. कोणाच्या जिवावर हो म्हटलं, ते आता विचार करून राहिलो.

५ फेब्रुवारी, सोमवार

विजेच्या कामाच्या कंपनीचे देवय्या साहेब आले होते. सिरोंच्याकडचे, शांत माणूस. नवीन माणूस घ्यायच्या आधी जुन्या मालकाला विचारतात म्हणे. मी खुर्ची दिली, घरून चहा मागवला. कामाला कसा आहे, विचारलं. चांगला आहे म्हटलं. पितो का? नाही. तब्येत? मी जे झालं होतं ते सांगितलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं लिहिलं ते बरोबर नाही. या वहीत तरी बरोबर लिहिलं पाहिजे.

जे झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात श्रीहरी पाण्याच्या टँकरच्या आत उतरून वेल्डिंग करत होता. बाहेर ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. आत काय असेल. तो चक्कर येऊन पडला. आम्ही पाय धरून बाहेर काढला, डोक्यावर पाणी ओतलं, कांद्याचा रस दिला. तासाभरात उठून बसला. घरी जा म्हटलं तर गेला नाही, राहिलेला टाका पुरा केला. त्याला आत मीच पाठवलं होतं.

आणि मी देवय्या साहेबांना म्हटलं ते असं: "बाकी काही नाई साहेब, पण त्याले फिट येते. उंचावर ठेवू नका."

उंचावर ठेवू नका हे मी काळजीने म्हणावं तसं म्हटलं. त्यांनी माझे आभार मानले. म्हणाले, बरं झालं सांगितलं, वर शंभर फुटांवर काम असते, जीव गेला असता.

१० फेब्रुवारी, शनिवार

श्रीहरी कामावर आला. तब्येतीच्या कारणाने नाही म्हटलं, एवढंच त्याला सांगितलं गेलं. कोणतं कारण, त्याने विचारलं तर तुझं तुला माहीत असेल म्हणाले. मला म्हणाला, तिथं माझं नशीब नव्हतं, उस्ताद. ॲप्रन घालून कामाला लागला.

मी म्हटलं, जाऊ दे, इथे काय कमी आहे. दुपारी दोघांसाठी बिर्याणी मागवली. श्रीहरी मन लावून जेवला. मीही जेवलो. खरं लिहायचं तर आतून मोकळंही वाटत होतं. मोकळं वाटलं याचीच जास्त लाज वाटते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ताबिशला पुण्याच्या कंपनीने कॉलेजातूनच उचललं. मी शेडमध्ये पेढे वाटले, शेजारच्या टायरवाल्याला, पानठेलेवाल्याला, सगळ्यांना. पत्रूभाऊंनी विचारलं, मग इकडे कवा येणार? मी म्हटलं, इकडे येऊन काय करेल, पोराने पुढे जायला पाहिजे, चांगली संधी आली तर बापाने अडवू नये.

श्रीहरीने पेढा घेतला आणि ताबिशला स्वतः फोन लावून शाबासकी दिली. ताबिश लहान असताना तो त्याला सायकलवर शाळेत सोडायचा.

नाहीदने मात्र पेढा घेतला नाही. मुलगा लांब चालला, आईला वाईट वाटणारच. मी समजावलं. ती म्हणाली, मी ताबिशचा विचार नाई करून राह्यली. मग कोणाचा, विचारलं तर उठून गेली. अलीकडे ती माझ्याशी कमीच बोलते. गुडघ्यांच्या दुखण्याने असेल.

७ मार्च, बुधवार

गोष्ट पसरली. मला वाटलं होतं देवय्या साहेबांच्या टेबलावर राहील. पण कंपनीच्या गेटवर मुलचेऱ्याकडची चार माणसं कामाला आहेत. तिथून ती गावात गेली, गावातून शेफालीच्या बापाकडे. त्याने निरोप पाठवला की मुलाला फिट येते हे लपवलं का. लग्न थांबलं आहे.

श्रीहरीने हे सगळं मला खाली बघून सांगितलं. मग विचारलं, "उस्ताद, मी पडलो असन तर मले कसं कळन? तुम्ही पाहिलं असन. नऊ वर्षं मी तुमच्या नजरेसमोर हावो."

त्याच वेळी सांगता आलं असतं. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पत्रूभाऊ सिलिंडर आणायला गेले होते.

मी म्हटलं, एकदा टँकरमध्ये पडला होतास. ते उन्हाने असेल, पण एकदा डॉक्टरला दाखवून घे. आणि त्याला दोन दिवसांची सुट्टी दिली, पगारी.

तो म्हणाला, तुमच्यासारखा मालक कोणाले भेटते.

१५ मार्च, गुरुवार

आज चंद्रपूरला जाऊन आलो. हे लिहायचं नव्हतं.

श्रीहरी तिथल्या एका डॉक्टरकडे गेला होता. डोक्याला तारा लावून आलेख काढला, तो साफ आला. पण डॉक्टर म्हणाले, आलेख साफ आला तरी आजार असू शकतो, ज्याने झटका पाहिला त्याला घेऊन या. श्रीहरीने माझं नाव सांगितलं. काल संध्याकाळी म्हणाला, चालाल का? मी नाही म्हणू शकलो नाही.

बसमध्ये त्याने मला खिडकी दिली. दवाखान्यात गर्दी होती, नंबर लागेपर्यंत दुपार झाली. मी ठरवलं होतं की डॉक्टरला खरं सांगायचं, फक्त ऊन लागलं होतं म्हणायचं, आणि सगळं तिथेच मिटेल. कोणाला काही कळणार नाही.

डॉक्टरने मला विचारलं, पडला तेव्हा हातपाय झटकत होता का? श्रीहरी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात शंका अशी नव्हतीच, मी सांगेन ते ऐकायला तो तयार होता. माझ्या मनात आलं, आता नाही म्हटलं तर हा बाहेर पडून विचारेल की मग कंपनीत कोणी सांगितलं. आणि मी म्हटलं, हो, थोडे झटकत होता.

तोंडाला फेस?

थोडा.

डॉक्टरने लिहून घेतलं. गोळ्या दिल्या, तीन वर्षं रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. मग नियम सांगितले. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, गाडी चालवायची नाही, उंचावर जायचं नाही, आगीजवळ काम करायचं नाही. श्रीहरीने विचारलं, वेल्डिंग? डॉक्टर म्हणाले, दुसरं काही काम पाहा.

हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याला वेल्डिंगसाठीच ठेवून घेतलं होतं.

परत येताना तो गोळ्यांची पुडी मांडीवर धरून बसला. ताडाळीच्या फाट्यावर म्हणाला, "उस्ताद, मले काढू नका. मले दुसरं काही येत नाई."

२ एप्रिल, सोमवार

त्याने मोटारसायकल विकली. शेडपर्यंत पायी येतो. गोळ्यांनी त्याला सुस्ती येते. काम करू नको म्हटलं तर बसवत नाही त्याला, जमिनीवर बसून बारीकसारीक टाके मारतो. आज गेटची जाळी जोडत होता. टाका वाकडा पडला. त्याने ग्राइंडर मारून काढला, पुन्हा मारला, पुन्हा वाकडा. तिसऱ्यांदा मी बघत नाही असं पाहून त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि टाका मारला.

टिपरवाले आता विचारत नाहीत. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, आजारी माणसाला कशाला ठेवलं, सोडून द्या. मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, माझा माणूस आहे, मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. तो म्हणाला, तुमच्यासारखे राहिले नाहीत आता. श्रीहरीनंतर हे मला दुसऱ्यांदा कोणीतरी म्हटलं.

शनिवारी त्याची आई येऊन गेली, कमळाबाई. एवढा प्रवास करून फक्त त्याला बघायला. मला तांदळाची पिशवी दिली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, तुमच्याजवळ हाये म्हणून मले धीर हाये.

तो तांदूळ नाहीदने अजून शिजवला नाही. मीही विचारलं नाही.

१३ एप्रिल, शुक्रवार

श्रीहरीचा हात भाजला. बसल्या बसल्या डुलकी लागली आणि उजवा हात नुकत्याच जोडलेल्या पट्टीवर पडला. तळव्याचं कातडं निघालं. ओरडलाही नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. पत्रूभाऊंनी पाण्यात धरला, पट्टी बांधून आणली आणि त्याला खोलीवर पोचवून आले.

मग माझ्यासमोर बसले. पत्रूभाऊ बोलणारे नाहीत, पण आज बोलले. म्हणाले, शफीभाऊ, तुमाले मालूम नसन. मागच्या वर्षी दोन कंपन्यावाले त्याले न्यायले आले होते, टपरीवर. त्यानं दोघाइले वापस पाठवलं. मी म्हटलं, काऊन रे, येडा हायेस का? तर म्हणे, "ताबिश तं इकडे येत नाई आता. उस्तादजवळ कोणी तं पाहिजे."

ताबिश येणार नाही हे त्याला गेल्या वर्षीच माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच होतं.

मी पत्रूभाऊंना विचारलं, मग या वेळी का निघाला होता? ते म्हणाले, लग्नापायी. घर पाहिजे होतं ना.

वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. आज वर जाऊन पाहिलं. ताबिशचा तुटका कॅरम आणि जुने टायर आहेत.

१६ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

सकाळी त्याच्या खोलीवर गेलो. तो पलंगावर बसला होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर. मला बसायला चादर झटकून दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हटलं, "तुले फिट येत नाई. कधीच आली नाई. कंपनीत मीच खोटं सांगितलं. तू जाऊ नये म्हणून."

त्याला आधी समजलंच नाही. मी पुन्हा म्हटलं.

तो म्हणाला, "म्हणजे मले काही नाई झालं?"

नाही म्हटलं.

"टँकरमधलं?"

ऊन लागलं होतं.

"फेस?"

नव्हता.

त्याचा चेहरा उजळला. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो, मारलं असतं तरी चाललं असतं. पण तो हसला. त्याने दोन्ही हात समोर धरून पाहिले, भाजलेलाही. किती तरी वेळ त्याला माझी आठवणच नव्हती असं वाटलं. त्याच्या आनंदापुढे उभं राहणं मला जमेना.

मग हळूहळू त्याच्या लक्षात येत गेलं. हसू गेलं. म्हणाला, "डॉक्टरसमोर बी? मी तुमच्या बाजूले बसलो होतो."

मी हो म्हटलं.

"मी तं तुमाले विचारलं होतं. नको म्हणा म्हटलं होतं. मी नसतो गेलो."

मी माफी मागितली. त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही. उठून दोरीवरचे कपडे काढले, घड्या घालू लागला. एका हाताने घडी नीट पडत नव्हती. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाला, नको.

दुपारच्या गाडीने तो गावी गेला. या वेळी पाया पडला नाही.

घरी येऊन नाहीदला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. देवय्या साहेब आले त्या दिवशी चहा घेऊन ती शेडच्या दारापर्यंत आली होती, तिने ऐकलं होतं. तेव्हापासून वाट पाहत होती की मी स्वतः सांगेन. मग तीही रडली. म्हणाली, मीही गप्प राहिले, माझाही हात आहे यात.

१८ एप्रिल, बुधवार

डॉक्टरकडे एकटा गेलो. त्यांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. नुसत्या तोंडी सांगण्यावर काही बदलता येणार नाही म्हणाले, लिहून द्या. मी तिथल्याच कोऱ्या कागदावर लिहिलं, की मी शफी, घुग्घुसचा, माझ्या कारागिराला झटके आल्याचं मी सांगितलं ते खोटं होतं. कारण काय, त्यांनी विचारलं. मी लिहिलं, माझा स्वार्थ. बाहेर बसलेल्या बायका काचेतून बघत होत्या. डॉक्टरने कागद फायलीला लावला. श्रीहरीला स्वतः येऊ दे, गोळ्या एकदम बंद करू नको म्हणावं, हळूहळू कमी करायच्या, मग दाखला देतो. मला बाहेर जाताना म्हणाले, अशी माणसं दाखवायला आणतात तेव्हा आम्ही सोबतच्या माणसावर विश्वास ठेवतो, दुसरा उपाय नसतो.

तिथून देवय्या साहेबांकडे. त्यांनी मला खुर्ची दिली नाही. म्हणाले, जागा फेब्रुवारीतच भरली. दाखला आणला तर पुढच्या कामाच्या वेळी बघू. मी हात जोडले. ते म्हणाले, मला नका जोडू.

गोळ्यांचं तेवढं लगेच कळवायला पाहिजे होतं. श्रीहरीच्या गावातल्या दुकानात फोन आहे, तिथे निरोप ठेवला. माझं नाव सांगितलं नाही, दवाखान्यातून बोलतो म्हटलं. आणखी एक खोटं झालं, पण माझं नाव ऐकून त्याने निरोप घेतला नसता.

२० मे, रविवार

काल मुलचेऱ्याकडे जाऊन आलो. महिनाभर टाळत होतो. श्रीहरी दवाखान्यात येऊन गेला, दाखला तयार आहे, पण तो न्यायला परत आला नाही असं कळलं. डॉक्टरने तो मला दिला. देवय्या साहेबांची चिठ्ठीही मिळाली, पावसाळ्यानंतर काम निघेल, येऊन भेटावं एवढंच त्यात आहे.

आष्टीला गाडी बदलली. पुढे रस्ता जंगलातून. तेंदूच्या पानांचे पुडे घेऊन बाया गाडीत चढल्या, कोणाचं तरी रडणारं लेकरू थोडा वेळ माझ्या मांडीवर बसलं.

आधी शेफालीच्या बापाकडे गेलो. अंगणात मांडवाचे बांबू अजून उभे होते. मी समजलो. मुलीचं लग्न दहा दिवसांपूर्वी दुसरीकडे झालं. मी तरीही सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, आता मले हे काऊन सांगून राह्यले? पोरगी चांगल्या घरी गेली हाये, तिच्या कानावर हे जाऊ देऊ नका. त्याने पाणी दिलं. मी प्यालो आणि निघालो.

श्रीहरीच्या घराला कुलूप नव्हतं, कोणी घरातही नव्हतं. शेजारणीने तलावाकडे हात केला. धानाच्या मोकळ्या बांध्यांतून गेलो. तलावाला उन्हाळ्यातही बरंच पाणी होतं. कमळाबाई काठावर उभी होती, पदर डोक्यावर, पाण्याकडे बघत. मध्यावर श्रीहरी पोहत होता.

मी हाक मारली. तिने मला ओळखलं, पण हात जोडले नाहीत. तिला सगळं माहीत होतं. तरी मी माझ्या तोंडाने सांगितलं, सुरुवातीपासून, डॉक्टरसमोरचंही. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडेच बघत होती. दाखला आणि चिठ्ठी पुढे केली तेव्हा घेऊन पदराच्या गाठीत बांधली, न बघता.

म्हणाली, "गावी आला तवापासून गोळ्या सुटेस्तोवर मी त्याले पाण्यात उतरू दिलं नाई. हौदावर न्हाला तरी मी बाजूले. तो जेवला तरी मी बाजूले. आता त्याले काही नाई, मले समजते. तो बी म्हणते, आई, तू घरी जा. पण माझे पाय जात नाई, भाऊ. तो पाण्यात गेला का मी इथी येऊन उभी राह्यतो."

मी विचारलं, श्रीहरी आता काय करणार आहे? ती म्हणाली, ओडिशाकडे कुठं कंपनीत चालला, गावची दोन पोरं चालली. तिकडे त्याले कोणी ओळखत नाई.

श्रीहरीने पाण्यातून पाहिलं. आधी आईकडे, मग माझ्याकडे. मी हात वर केला नाही, नुसता उभा राहिलो. तो थोडा वेळ जागच्या जागी पाणी मारत थांबला. मग वळला आणि पलीकडच्या काठाकडे पोहत गेला. चांगला पोहतो, मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिकडे बाहेर निघून पळसाच्या सावलीत आमच्याकडे पाठ करून बसला.

मी थांबलो. वाटलं, इतक्या लांब आलो, दोन शब्द तरी बोलेल. ऊन चढत होतं.

बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं. त्याचे कपडे आणि चपला आमच्या काठावर होत्या, माझ्या पायापासून दोन हातांवर. मी तिथे उभा आहे तोवर तो त्या घ्यायला येणार नव्हता.

मी निघालो. बांध चढून गेल्यावर मागे पाण्याचा आवाज आला, तो परत पोहत येत होता. मी वळून पाहिलं नाही.